दूध, डेटा आणि शेण: शेतकरी-ग्राहक थेट नात्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न दोन्हीकडचे आहेत. काही अहिल्यानगर, सोलापूर, सांगली पट्ट्यात डेअरीला दूध घालणाऱ्यांचे, तर काही पुण्या-मुंबईत सकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकलेली मिळते त्यांचे. उत्तरं एकाच पानावर मुद्दाम ठेवली आहेत. शेतकऱ्याने ग्राहकाचे प्रश्न वाचावेत आणि ग्राहकाने शेतकऱ्याचे, एवढीच अपेक्षा.

मी पिशवीला लिटरमागे पन्नाशीच्या पुढे पैसे मोजतो. मग गायीच्या दुधाला तिशीच्या आसपासच दर मिळतो अशी ओरड का?

मधली साखळी लांब आहे. गावातलं संकलन केंद्र, शीतकरण, टँकर, प्रकल्पातली प्रक्रिया, पॅकिंग, वितरक, दुकानदार, घरपोच देणारा मुलगा. प्रत्येकाचं काम खरं आहे आणि प्रत्येकाचं कमिशनही खरं आहे. पण एवढ्याने हिशेब संपत नाही.

गोळा झालेलं सगळं दूध पिशवीत जात नाही. उरलेल्या दुधाची भुकटी आणि लोणी होतं. भुकटीचा बाजार पडला की प्रकल्प खरेदी दर उतरवतात, आणि तो उतरलेला दर पिशवीत गेलेल्या दुधालाही लागतो. म्हणजे तुमच्या चहातल्या दुधाचा गोठ्यावरचा दर न्यूझीलंडच्या भुकटीशी बांधलेला असतो. पिशवीवरची किंमत मात्र त्या वेगाने खाली येताना कोणी पाहिलेली नाही.

१ जून २०१७ ला पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपात आणि जुलै २०१८ च्या दूध आंदोलनात रस्त्यावर दूध ओतलं गेलं ते याच दुखण्यातून. २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान दिलं. उसाला एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आहे तसा कायद्याने बांधलेला किमान दर दुधाला नाही. मागणी जुनी आहे.

मग थेट शेतकऱ्याकडून घेतलं तर मधले सगळे पैसे त्यालाच मिळतील ना?

नाही. मधला माणूस काढता येतो, पण त्याचं काम कुणाला तरी करावंच लागतं. थंड करणं, भरणं, पहाटे वाटणं, बाटल्या धुणं, पैसे गोळा करणं हे सगळं शेतकऱ्याच्या अंगावर येतं. धार काढून होते तोवर सहा-साडेसहा वाजतात. मग शहर गाठायचं कधी?

त्याहून मोठी अडचण उरलेल्या दुधाची. रतिबाच्या अॅपवर 'उद्या नको' असं एक बटण असतं. ग्राहक रात्री दहाला ते दाबून निवांत झोपतो. दिवाळीत आणि मे महिन्यात अर्धी सोसायटी गावी जाते. गाईला सुट्टी नसते. ती सकाळ-संध्याकाळ तेवढंच दूध देते, आणि ते दूध काही तासांत थंड झालं नाही तर नासतं.

ज्यांचं थेट विक्रीचं गणित बसलेलं आहे त्यांच्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, ग्राहक विखुरलेले नसतात. दोन-तीन मोठ्या सोसायट्या धरून तिथेच घरं वाढवलेली असतात. दुसरं, सगळं दूध थेट विकायचा हट्ट नसतो. काही दूध डेअरीला चालू ठेवलेलं असतं, म्हणजे 'उद्या नको'वालं दूध तिकडे जातं. मात्र एक लक्षात घ्या. सहकारी संस्थेचा सभासद सगळं दूध संस्थेलाच घालत असेल तर त्याला अन्नसुरक्षा नोंदणीतून सूट आहे. घरोघर विकायला लागलात की उलाढालीप्रमाणे एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना काढावाच लागतो.

डेअरीच्या पावतीवर इतके आकडे असतात. नेमकं काय बघायचं?

पाच आकडे बघा: लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात जे घन असतं ते: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. गायीच्या दुधाचा जाहीर दर साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला असतो. त्याखाली गेलात की पॉइंटमागे कपात होते. तिलाच गावात 'रिव्हर्स' म्हणतात. एसएनएफ ८.५ च्या ऐवजी ८.२ लागलं तर तीन पॉइंट गेले. ही कपात पॉइंटला किती, हे दरपत्रकात लिहिलेलं असतं, पण ते दरपत्रक केंद्राच्या भिंतीवर लावलेलं फार कमी ठिकाणी सापडतं. मागून घ्या. फोटो काढून ठेवा.

आता काटा. किटली ठेवल्यावर काटा ९.९ दाखवतो की ९.९८, हे नीट बघा. काटा शंभर-शंभर मिलीच्या टप्प्याने चालत असेल तर ९.९८ चे ९.९ होतात आणि ८० मिली हवेत जातात. दोन वेळचं धरा, महिन्याचं धरा, गावातल्या सगळ्या किटल्यांचं धरा. दहा मिलीपर्यंत मोजणारा काटा मागण्यात काहीही गैर नाही.

नमुना घेतानाची रीतही बघा. दूध नुसतं पाच मिनिटं ठेवलं तरी फॅट वर यायला लागतं. म्हणून ओगराळ्याने वरचं दूध घेतलं तर फॅट जास्त लागतं आणि तळाचं घेतलं तर कमी. आधी ढवळायला हवं. पण इतकंही नाही की फेस येईल. फॅट-एसएनएफ मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक मशिनला दुधातली हवा चालत नाही, आकडे भलतेच येतात. आणि आदल्या माणसाच्या नमुन्यानंतर नळी धुतली का, हेही डोळ्यांखालून घाला.

मोबाइलवर येणारा मेसेज हा या सगळ्यातला खरा फायदा आहे. पूर्वी वहीत खाडाखोड व्हायची आणि दहा दिवसांनी बिलाच्या वेळी भांडण व्हायचं. आता आकडा त्याच मिनिटाला हातात येतो. पण चुकीच्या मशिनचा आकडा मोबाइलवर आला म्हणून बरोबर होत नाही.

पिशवीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर माझ्या दुधाची गाय कळेल का?

कळणार नाही. तसं कुणी सांगत असेल तर खोलात विचारा. शंभर जणांच्या किटल्या एका कूलरमध्ये, असे अनेक कूलर एका टँकरमध्ये आणि असे अनेक टँकर एका सायलोत, म्हणजे प्रकल्पातल्या मोठ्या टाकीत. तिथून भरलेल्या अर्ध्या लिटरच्या पिशवीत शेकडो गोठ्यांचं दूध असतं. एकाच मोठ्या फार्मवर दूध काढून तिथेच भरत असतील तर गोष्ट वेगळी, पण ते दूध महाग असतं आणि त्यामागे छोटा शेतकरी नसतो.

तरी क्यूआर कोड निरुपयोगी नाही. दूध कोणत्या तालुक्यातून, कोणत्या दिवशी गोळा झालं, प्रतिजैविकाची चाचणी झाली का, निकाल काय, एवढं बॅचप्रमाणे सांगता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या दहा दिवसांच्या बिलात शेतकऱ्याला काय दर दिला तोही दाखवता येतो. तो आकडा प्रत्येक डेअरीच्या संगणकात असतोच. कोड उघडल्यावर फेटा बांधलेल्या हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो आणि हिरवं शिवार एवढंच दिसत असेल तर ती जाहिरात आहे.

गाईच्या कानातला पिवळा बिल्ला कशासाठी?

त्यावर १२ अंकी नंबर असतो आणि तो केंद्र सरकारच्या भारत पशुधन प्रणालीत नोंदलेला असतो. जात, वय, लसीकरण, कृत्रिम रेतन, विण्याच्या तारखा त्या नंबरला जोडता येतात. २०२४ च्या अनुदानासाठी हा बिल्ला आणि बँक खातं सक्तीचं होतं. त्याच वर्षी १ जूनपासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि सरकारी दवाखान्यातले उपचार बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा बिल्ले मारायला झुंबड उडाली होती. २०२२ च्या लम्पीनंतर कुठल्या जनावराला लस दिली आणि कुठल्या नाही, हे शोधताना अशा नोंदीची किंमत कळली.

शेतकऱ्याची तक्रार वेगळी आहे आणि ती रास्त आहे. माहिती वर जाते, खाली काय येतं? बिल्ला मारला, पण लसीची तारीख आली की मेसेज येत नाही. एखाद्या संघाने किंवा डॉक्टरने हे नीट चालवलं तर उपयोग आहे. एरवी ती कानातली वाळीच.

दुधात भेसळ किती असते? युरिया, डिटर्जंटचे व्हिडिओ बघून भीती वाटते.

व्हिडिओंपेक्षा तपासणीचे आकडे बघा. एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने घेतले होते. त्यात आरोग्याला घातक भेसळ सापडली ती १२ नमुन्यांत. पाणी, साखर वगैरे दर्जाचे दोष यात धरलेले नाहीत, ते पुष्कळ होते. पण घाबरायचंच असेल तर दुसऱ्या आकड्याला घाबरावं. ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ (बुरशीचं विष) मर्यादेपेक्षा जास्त होतं आणि १.२ टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश.

अफ्लाटॉक्सिन कुणी दुधात मिसळत नाही. ओल लागलेली सरकी पेंड, बुरशी धरलेला मका, नीट न दाबलेला मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) जनावराने खाल्ला की ते दुधात उतरतं. उकळून जात नाही. गोठ्यातली पेंडीची पोती फरशीवर टेकून न ठेवता फळीवर ठेवली, पावसाळ्यात एकदम महिन्याची पेंड न भरता आठवड्याची भरली, तर निम्मं काम होतं.

प्रतिजैविकांचं असंच. गाईला दगडी (कासेचा दाह) झाली की कासेत औषध सोडतात. त्यानंतर औषधाच्या लेबलवर लिहिलेले दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं. पण पाच-सहा दिवस दूध ओतून द्यायचं, तेही दर पडलेला असताना, हे सोपं नाही. बिल्ल्याच्या नंबरावर उपचाराची नोंद आणि त्या दिवसांचं थोडे तरी भरपाईचे पैसे, असं दोन्ही देणारी डेअरी असेल तर तिथलं दूध निर्धास्त प्यावं. नुसता दंड लावला तर शेतकरी आजार लपवणार.

आणि हो, युरिया दुधात मुळातच थोडा असतो. मर्यादा १०० मिलीला ७० मिलिग्रॅम. चाचणीत युरिया 'आढळला' म्हणजे भेसळ झाली असं नाही.

पिशवीच्या दुधाला पूर्वीसारखी साय का येत नाही?

बहुतेक वेळा कारण होमोजिनायझेशन. दाबाखाली फॅटचे थेंब इतके बारीक करतात की ते वर येत नाहीत. शिवाय टोन्ड दुधात फॅट ३ टक्केच असतं, फुल क्रीममध्ये ६. साय हवी तर म्हशीचं किंवा फुल क्रीम घ्या. दूध खोटं आहे असा निष्कर्ष सायीवरून काढू नका.

गाई-म्हशी हवामान बिघडवतात म्हणे. मग दूध पिणं पाप आहे का?

पाप वगैरे नाही, पण गोष्ट खरी आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात चारा आंबतो, मिथेन तयार होतो आणि तो ढेकरेतून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट.

इथे लिटरमागचं गणित बघावं लागतं. पाच लिटर देणारी गाय आणि पंधरा लिटर देणारी गाय, दोघींनाही जगायला चारा लागतोच. त्यामुळे पाच लिटरवालीच्या प्रत्येक लिटरवर मिथेनचा बोजा जास्त पडतो. भाकड काळ लांबला की आणखी वाढतो. म्हणून वेळेवर गाभण राहणं, दगडी न होणं, खाणं संतुलित असणं या गोष्टी शेतकऱ्याच्या खिशाला आणि हवेला एकाच वेळी फायद्याच्या आहेत. उसाच्या पट्ट्यात महिनोन्महिने नुसतं वाढं (उसाचे शेंडे) घालतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते जनावराच्या शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. मका, लसूणघास, खनिज मिश्रण जोडीला नसेल तर दूधही जातं आणि वेतही लांबतं.

भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बंगळुरूच्या पशुपोषण संस्थेने 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य काढलं आहे. मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो असा त्यांचा दावा आहे. पण ज्याच्या गोठ्यात खनिज मिश्रणाची पिशवी नाही त्याने आधी ती आणावी.

नर वासरांचं काय होतं?

हा प्रश्न शहरातून क्वचित येतो आणि गावात त्यावर कुणी बोलत नाही. दूध हवं तर गाय व्यायला हवी, आणि निम्मी वासरं नर होणार. पूर्वी खिल्लार गोऱ्हा औताला लागायचा. संकरित होल्स्टिनच्या गोऱ्ह्याला ना खांदा, ना गिऱ्हाईक. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू आहे, त्यामुळे विकून मोकळं होण्याची वाट बंद झाली. बरेच गोऱ्हे उपासमारीने जातात किंवा रस्त्यावर सोडले जातात. लिंगनिश्चित रेतमात्रा वापरली तर कालवड होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या घरात जाते. ती मात्रा साध्या मात्रेपेक्षा महाग असते, काही योजनांत स्वस्त मिळते. 'क्रूरतामुक्त दूध' असं लिहिणाऱ्या ब्रँडला ग्राहकाने पहिला प्रश्न हाच विचारावा.

शेणापासून खरंच काही मिळतं का?

मिळतं, आणि माझ्या मते शाश्वततेच्या सगळ्या गप्पांमध्ये सर्वात भरवशाची गोष्ट हीच. दोन घनमीटरच्या बायोगॅस संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. पूर्ण क्षमतेने चाललं तर महिन्याला दीड-पावणेदोन सिलिंडरइतका गॅस मिळतो. उघड्या उकिरड्यातून हवेत जाणारा मिथेन चुलीत जळतो आणि स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेला शेणाचा रबडा, शेतात जाते. गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने घरोघरी अशी संयंत्रं बसवून उरलेली स्लरी विकत घेणारी महिलांची संस्था उभी केली. कोल्हापूरच्या गोकुळनेही सभासदांच्या गोठ्यांवर बायोगॅसची योजना राबवली आहे.

बंद पडलेली संयंत्रंही गावोगाव आहेत. बहुतेकांचं कारण तांत्रिक नसतं. शेण-पाणी कालवायचं काम घरातल्या बाईवर पडतं, आणि एक गाय विकली की शेण पुरत नाही.

कार्बन क्रेडिटचे पैसे शेतकऱ्याला मिळतात का?

हवेत जाणारा मिथेन अडवला म्हणून मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र म्हणजे कार्बन क्रेडिट. त्याचे पैसे मिळणं करार कसा आहे त्यावर अवलंबून. पुष्कळदा संयंत्र सवलतीत देतात आणि त्या बदल्यात क्रेडिटचा हक्क कंपनीकडे जातो. सही करण्याआधी हक्क किती वर्षांसाठी दिला, संयंत्र बिघडलं तर दुरुस्ती कुणाची आणि मोजमापाची माहिती तुम्हाला दिसणार का, हे तीन प्रश्न विचारा. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत मागा.

ए-टू दूध घ्यावं का?

ए-वन आणि ए-टू ही दुधातल्या एका प्रथिनाची दोन रूपं; देशी गाईंचं दूध ए-टू म्हणून महाग विकलं जातं. एफएसएसएआयने २१ ऑगस्ट २०२४ ला पिशवीवरचे ए-वन, ए-टू हे दावे काढायला सांगितलं आणि पाच दिवसांनी ती सूचना मागे घेतली. यावरून वादाची अवस्था कळते. देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ या आपल्या गाई टिकाव्यात असं वाटत असेल तर त्यांचं दूध जरूर घ्या. उन्हात आणि कमी चाऱ्यावर तग धरण्याचा त्यांचा गुण मोलाचा आहे. पण औषध म्हणून दुप्पट पैसे मोजू नका. आणि म्हशीचं दूधही ए-टूच असतं, हे विक्रेता सांगत नाही.

चार गाई आहेत. कॉलर, सेन्सर घ्यावेत का?

नको. गळ्यातली सेन्सरची कॉलर मुख्यतः माज (गाय गाभण राहू शकते तो काळ) ओळखायला. माज साधारण २१ दिवसांनी येतो, बऱ्याचदा रात्री, आणि चुकला की पुढचे २१ दिवस फुकटचा चारा. मोठ्या मुक्त गोठ्यात प्रत्येक गाईवर नजर ठेवणं जमत नाही, तिथे यंत्र पैसे वसूल करतं. चार गाईंना मोबाइलचं कॅलेंडर आणि रात्री नऊला गोठ्यात एक फेरी पुरे.

पिशवी की काचेची बाटली?

बाटली पुष्कळ वेळा परत वापरली आणि जवळच फिरली तर बरी. लांबून टेम्पोने येत असेल, धुवायला गरम पाणी लागत असेल तर फायदा आटतो. पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असल्याने पुनर्वापराला चांगली. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत रिकाम्या पिशवीला ५० पैसे परतावा लिहिला होता. तो कुणाला मिळाला, हे विचारू नका. पिशवी कापताना कोपरा पूर्ण वेगळा करू नका, तो इवलासा तुकडा कुणीच वेचत नाही. धुवून, वाळवून भंगारवाल्याला द्या.

मी दोन रुपये जास्त द्यायला तयार आहे. ते गोठ्यापर्यंत पोचतील याची खात्री कशी करू?

ब्रँडला एकच विचारा: मागच्या महिन्यात ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला शेतकऱ्याला किती दर दिला? ज्याला लपवायचं नाही तो आकडा सांगेल. संकलन केंद्रावर शेतकऱ्याच्या फॅटचा दशांश टिपणारं तंत्रज्ञान आपल्याकडे आलं आहे. ग्राहकाचा पत्ता, आवडनिवड, किती वाजता दार उघडतो, हेही टिपतं. दोघांच्या मधल्या हिशेबावर मात्र पडदा. शाश्वततेचे दोन रुपये वेगळे घ्यायचे असतील तर ते शेतकऱ्याच्या पावतीवर वेगळ्या ओळीत दिसायला हवेत, दगडी नसलेल्या दुधाचे इतके, बायोगॅसचे इतके असे. तशी पावती दाखवता येत नसेल तर तेच पैसे ओळखीच्या गवळ्याला रतिबात वाढवून द्या.

तक्रार कुठे करायची?

ग्राहकाने पिशवीवरचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख यांचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. पिशवी फेकू नका, उरलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवा. शेतकऱ्याने काट्याबद्दल वैधमापन खात्याकडे, फॅट-एसएनएफ आणि दराबद्दल जिल्हा दुग्धव्यवसाय विकास अधिकाऱ्याकडे. एकट्याने गेलात तर दुसऱ्या दिवसापासून तुमचंच फॅट कमी लागायला लागतं, असा बऱ्याच गावांचा अनुभव आहे. दहा-पंधरा जणांच्या एकाच आठवड्याच्या पावत्या जोडून अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.